तांदळाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

प्रिय दादा,

आज शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. निकाल वाटून झाले, पोरं ओरडत समुद्राकडे पळाली, आणि मी कपाटाला कुलूप लावत होते. तेवढ्यात मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर सानिका. दप्तर पाठीवर, निकाल हातात, आणि चेहरा असा की काहीतरी महत्त्वाचं काम राहिलंय.

"बाई, मा... मामांना सांगितलंत?"

"काय सांगायचं गं?"

"की मी आता का... काही कापलं नाय."

मी म्हटलं, "सांगते." ती मान हलवून निघून गेली.

तू नाहीस हे तिला ठाऊक आहे, दादा. शाळेत तुझा फोटो ठेवला होता तेव्हा तिनेच घरचा सोनचाफा आणून वाहिला होता. तरी निरोप असा देऊन गेली, जसा शेजारच्या घरात पोचवायचा असावा. आता मी काय करू? निरोप सांगते म्हटलं की पोचवायला नको का? तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी खूप बोलले. कागदावर मात्र आज पहिल्यांदाच.

तू मुंबई सोडून कायमचा घरी आलास ते गेल्या गणपतीच्या तोंडावर. हृदय कमजोर झालंय, धावपळ बंद, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अंधेरीतल्या त्या बिनखिडकीच्या स्टुडिओत तू सगळी उमेदीची वर्षं दुसऱ्यांचे आवाज धुण्यात घालवलीस. मालिकेतल्या सासवांचे, जाहिरातीतल्या साबणवाल्यांचे, सगळ्यांचे श्वास, खोकले, ओठांचे आवाज पुसून काढायचे. आणि मग एक दिवस रत्नागिरीत आपल्या दोन खोल्यांत येऊन बसलास, हात मांडीवर ठेवून.

तेव्हा तुझ्याबरोबर राहणं काही सोपं नव्हतं हं! जेवताना फ्रिज गुणगुणतो म्हणून तू तो बंद करायचास आणि परत लावायला विसरायचास. किती दूध नासलं! आणि आईला तर ऐकूच येत नाही. मुलगा आवाजाच्या धंद्यात आणि आई बहिरी. तू हळू आवाजात काही विचारणार, ती "आँ?" करणार, तू वैतागून गप्प बसणार, आणि मध्ये मी दुभाषी.

शेवटी एके दिवशी मीच म्हटलं, "चल माझ्याबरोबर शाळेत."

"तिथे येऊन काय करू? पाढे म्हणू?"

"पोरांना आवाज रेकॉर्ड करायला शिकव. लॅपटॉप आहे, मोबाईल आहे. तू कपाटावर टाकून ठेवलेला माइक आहे."

"बाय, ती पोरं केवढीशी! तिसरी-चौथीतल्या पोरांना एडिटिंग?"

"सात-आठ वर्षांची पोरं बोटीवरचं जाळं विणायला शिकतात. तुझं एडिटिंग त्याहून अवघड आहे का?"

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर माझ्या मागे बसलास. भाट्याच्या पुलावर मी आरशात पाहिलं तर तुझे डोळे मिटलेले. माझ्या चालवण्याला घाबरलास असं वाटून मी विचारलं, तर म्हणालास, "गप गं, ऐकू दे." खाडीवरचा वारा ऐकायचा होता म्हणे! स्कूटरच्या फटफटाटात तुला वारा वेगळा ऐकू येत होता? मला आजही खरं वाटत नाही.

शाळेत पोरांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही बाईंचे कोण?"

"भाऊ."

"म्हंजे आमचे मामा!"

झालं. नेमणूक झाली. त्या दिवसापासून तू साऱ्या शाळेचा मामा.

तू त्यांना जमिनीवर बसवलंस, डोळे मिटायला लावलेस आणि विचारलंस, काय ऐकू येतंय? सगळी एका सुरात म्हणाली, समुद्र. तू म्हणालास, समुद्र तर रोजचाच आहे, त्याच्या मागे काय आहे? मग हळूहळू एकेक यायला लागलं. सुरूच्या बनातली सळसळ. पोषण आहाराच्या कुकरची वाफ. माझ्या बांगड्या. आणि ओंकार एकदम गंभीरपणे म्हणाला, "मामा, तुमच्या नाकातनं शिटी वाजते."

दादा, तू हसलास! घरी आल्यापासून तुला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "बरोबर," म्हणालास. "हा पोरगा पास."

वर्गात रेकॉर्डिंग जमेना. पत्र्याखाली आवाज घुमायचा, नुसता डबा. तू शाळाभर टाळ्या वाजवत हिंडलास. मुख्याध्यापक सर माझ्याकडे बघायला लागले की हा तुमचा भाऊ बरा आहे ना! आणि मग तू पोषण आहाराचे तांदूळ ठेवतो त्या खोलीचं दार उघडलंस. चारी बाजूंनी पोती, छपराला जुनी ताडपत्री. एक टाळी वाजवलीस, आणि ती टाळी तिथेच विरली. तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जणू लहानपणी आंब्याच्या अढीत पहिला पिकलेला हापूस हाती लागला.

"हा बघ स्टुडिओ," म्हणालास. "अंधेरीत याच्यासाठी भिंतींना गाद्या ठोकतात."

तेव्हापासून पोरं तांदळाच्या पोत्यांवर बसून कविता रेकॉर्ड करू लागली. बाहेर यायची तेव्हा ढुंगणाला पांढरा भुगा लागलेला असायचा.

लॅपटॉपवर आपला आवाज लाटेसारखा वरखाली दिसतो याचं त्यांना केवढं अप्रूप! जोरात बोललं की लाट उंच, गप्प बसलं की सरळ रेघ. नको तो तुकडा निवडायचा आणि काढून टाकायचा. जुईला ते लगेच कळलं. "म्हंजे बांगडा साफ करतात तसं! पोटातली घाण काढायची, पण मास नाय जाऊ द्यायचं." तू माझ्याकडे पाहून म्हणालास, मला हे समजायला सहा महिने लागले होते.

आणि एक नियम तू पहिल्याच आठवड्यात घातलास. काही कापायच्या आधी जसंच्या तसं एक ठेवून द्यायचं, वेगळ्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरचं नाव 'मूळ'. त्यातलं कुणी काही पुसायचं नाही. मामांनी सुद्धा नाही.

तेव्हा सानिका अजून मागेच बसायची.

ती तिसरीत. तिचा बापूस मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. ही बोलायला लागल्यापासून अडखळते. त्यातही 'ब' आणि 'क' आला की ओठ मिटतात, मान ताठ होते, डोळे मोठे होतात, आणि शब्द काही बाहेर पडत नाही. पोरं तिला मुद्दाम चिडवत नाहीत, पण थांबतही नाहीत. तिच्या तोंडचा शब्द कुणीतरी आधीच बोलून टाकतं. मग तिने बोलणंच कमी केलं होतं.

तू तिला बोलायला लावलं नाहीस. हेडफोन दिलेस. "तू ऐक आणि सांग, कुठे कापायचं." आणि काय कान गं त्या पोरीचा! तुझ्याच तोंडचे शब्द हे. ओंकारच्या कवितेतलं कावळ्याचं ओरडणं तिने असं काढलं की जोड कुठे आहे ते मला कळेना. पोरं रेकॉर्डिंग झालं की तिच्याकडेच धावायची. "सानू, माझं आधी!" तिला कधी कुणी असं बोलावलं नव्हतं.

मग ती मधल्या सुट्टीत तांदळाच्या खोलीची किल्ली मागायला लागली. आपल्याला वाटलं, दुसऱ्या कुणाचं काम करतेय. एक दिवस तिने लॅपटॉप वर्गात आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

तिचाच आवाज. सानिका बोलत होती! घरच्या मांजरीने पिल्लं घातली ती बोटीच्या पेटीत, शेजारच्या काकांनी नवीन होडी घेतली, आईचा ताप आता उतरलाय, मला गणितात पूर्ण गुण मिळाले. एकदाही न अडखळता, सरळ, पाण्यासारखं. बापसासाठी केलं होतं तिने.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरले. शाळा सुटताना तिची आई आली, तिने ऐकलं आणि ती तिथेच पायरीवर बसून रडली. "बाई, माझी पोर बोलली गो!" आणि लगेच मोबाईलवरून नवऱ्याला पाठवून दिलं.

पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, फक्त तू नाही.

तू तिच्याजवळ गेलास, उकिडवा बसलास आणि विचारलंस, "सुरेख कापलंयस. मलाही इतकं बेमालूम जमलं नसतं. पण सानू, यात श्वास कुठाय?"

तिने पाहिलं तुझ्याकडे.

"आणि बापसाला निरोप आहे ना हा? मग यात 'बाबा' कुठाय? एकदापण नाही?"

तिचा चेहरा असा उतरला, दादा! ती उठली, दप्तर घेतलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून रेकॉर्डिंगच्या तासाला बाहेर झाडाखाली बसून राहायची.

त्या दिवशी पुलावर मी स्कूटर बाजूला घेतली आणि तुझ्यावर तोंड सोडलं. आठवतंय? "काय गरज होती? पोरीच्या आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या पडल्या. एक दिवस तिला नुसतं खूश राहू द्यायचं होतंस!"

तू खाडीकडे बघत म्हणालास, "मी तीस वर्षं लोकांचे श्वास काढले, बाय. श्वास काढलेला माणूस ऐकायला फार छान वाटतो. पण तो माणूस राहत नाही. आणि आता तिला तसंच बोलून दाखव म्हणाले तर?"

"लहान पोर आहे ती!"

"म्हणूनच."

तुझं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते तू सगळ्यांसमोर, टाळ्या अजून चालू असताना म्हणालास. ही माझी तक्रार तेव्हा होती आणि आजही आहे. इतके नाजूक कान असलेल्या माणसाला एवढं कळू नये? तू मात्र रुसल्यासारखा मागे बसलास.

आणि दुसरी तक्रार. तुझ्या छातीत त्याच्या आधीपासून दुखत होतं, ते का सांगितलं नाहीस रे? सगळ्या जगाचं बारीकसारीक तुला ऐकू यायचं. स्वतःचंच ऐकायचं नाही असं ठरवलं होतंस का?

कोल्हापूरला नेलं तेव्हा आंबा घाटात तू माझा हात धरून होतास. दवाखान्यात जरा बरं वाटल्यावर पहिलं काय विचारलंस, तर "सानिका येते का तासाला?" मी नाही म्हटलं. तू डोळे मिटून म्हणालास, "परत आलो की मी बोलतो तिच्याशी. नीट बोलतो. घाई केली मी."

तू परत आला नाहीस. माघ सरत आला होता. पहाटे फोन आला तेव्हा मी धर्मशाळेत होते, दवाखान्याच्या समोरच. रस्ता ओलांडेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तुला सांगत नाही. ते सगळ्यांच्या घरात सारखेच असतात.

एक मात्र सांगते. आई एका दुपारी मला म्हणाली, "त्याचा आवाज आहे का गं कुठे?" मी लॅपटॉप उघडला. पोरांच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला तू असतोस. "हं, सावकाश. मी आहे इथे. बोल." मी आईच्या कानाला हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला. तिने मान हलवली, नाही येत ऐकू. पण ती पडद्याकडे बघत होती. तुझ्या त्या चार शब्दांच्या लहान लहान लाटा. "हा का तो?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने पदराने बोट पुसलं आणि पडद्यावर त्या लाटांवरून फिरवलं, इकडून तिकडे, मग पुन्हा. तिला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं, पण मी तिच्याजवळ बसून राहिले.

शिमग्याला आपल्याकडे सुतकाचं सावट, म्हणून मी शाळेच्या गावात गेले नाही. त्यामुळे तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं.

सानिकाचा बापूस, रवी, शिमग्याला घरी आला होता. ती फाईल त्याने बोटीवर सगळ्या खलाशांना ऐकवलेली. पोर बरी झाली म्हणून बोटीवर गोड वाटलेलं. पालखी अंगणात आली, भावकी जमली, आणि त्याने मोबाईल काढून सगळ्यांना तो निरोप ऐकवला. मग पोरीला पुढे घेतलं.

"सानू, आज देवाला गाऱ्हाणं तू घाल गो. ऐकू दे सगळ्यांना."

ती उभी राहिली. ओठ मिटले, मान ताठ झाली. ढोल थांबलेला, माणसं वाट बघतायत. आणि मग ती आत पळाली.

तेव्हापासून ती बोललीच नाही. अडखळत सुद्धा नाही. शाळेत हजेरीला नुसता हात वर. तिची आई माझ्याकडे आली. "बाई, आधी निदान थांबत थांबत बोलायची. आता ओठच उघडत नाय. आणि ह्यांना वाटतं, ती त्यांच्यावर रागावलीय. बापूस-लेक एका घरात, आणि एकमेकांकडं बघत पण नायत."

दादा, त्या क्षणी मला तुझी जितकी गरज होती तितकी कधीच नव्हती. तुझं बरोबर निघालं होतं, पण तू नव्हतास. मी तिला काय सांगू? ते वाक्य कुठून आणू, जे तू परत आल्यावर बोलणार होतास?

मग जे हाताशी होतं ते केलं. तुझा लॅपटॉप कपाटातून काढला, तांदळाच्या खोलीत पोत्यावर ठेवला आणि सानिकाला बोलावलं. म्हटलं, "हा आता कुणालाच नीट येत नाही. मला तर मुळीच नाही. तू जरा बघशील का?" ते खोटंही नव्हतं. मी दाराबाहेर येऊन तांदूळ निवडत बसले.

सूपभर तांदूळ निवडून झाले. मी आत डोकावले. तिने हेडफोन लावले होते आणि 'मूळ' फोल्डर उघडलं होतं. तिची ती न कापलेली फाईल तिथेच होती. नियम होता ना, कुणी पुसायचं नाही. ती स्वतःला ऐकत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिने थांबवलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं. मी तिच्या आईचा नंबर काढला. तिने मान हलवली. बापसाचा.

रवी लगेच आला. समुद्रावर राहून रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस, त्या लहानशा खोलीत कुठे उभं राहावं हे न कळून पोत्यांना धक्के देत होता. सानिकाने त्याला हाताला धरून बसवलं, त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मला बाहेर जायला हवं होतं. पण मी दारातच थांबले.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसती पडद्यावरची रेघ बघत होते आणि त्याचा चेहरा. त्या रेघेत छोट्या छोट्या लाटा पुन्हा पुन्हा येत होत्या, अडकलेल्या. मध्ये लांबलचक सपाट जागा. कापलेली फाईल होती त्याच्या कितीतरी पट मोठी ही. त्याने एकदाही मान वळवली नाही. फाईल संपल्यावरही हेडफोन कानावरच. मग काढले, हातात धरून बसला.

"सानू," तो म्हणाला, "हे आधी का नाय पाठवलंस?"

ती वळली नाही.

"त्या दुसऱ्यात मला एकदाबी हाक नाय मारलीस. मी म्हटलं, पोर मोठी झाली, आता बाबा म्हणायचा कंटाळा येत असेल. आणि इथं बघतो तर प्रत्येक वाक्याला 'बाबा' हाय. माझ्या वाटचं सगळं तू कापून ठेवलंस होय गो?"

आणि तेव्हा ती बोलली. भिंतीकडे बघतच.

"ल... लाज वाटली."

"कसली?"

"अ... अडकतं."

रवी उठला नाही. तिथूनच म्हणाला, "मी महिनोन् महिने पाण्यावर असतो. तिकडं मला कोण बाबा म्हणत नाय. तू अडकलीस, तर तेवढंच मला जास्त वेळ बाबा ऐकायला मिळतं. त्यात कापण्यासारखं काय हाय?"

दादा, मी तेव्हा बाहेर आले. तांदळाचं सूप घेऊन पायरीवर बसले आणि एकही खडा दिसेना. आतून तिचा आवाज येत होता. बा, बा, बा. थांबत, अडकत, पुन्हा सुरू होत. आणि तो मध्ये एकदाही बोलला नाही.

हे झालं म्हणजे सगळं झालं असं नाही हं. ती अजून अडखळते. काही दिवस बरे जातात, काही वाईट. चिपळूणला तिच्या मावशीच्या घराजवळ एक बाई आहेत, मुलांना बोलण्याचे धडे देतात. सुट्टीत ती तिकडे जाणार आहे. रवी बोटीवर परत जाण्याआधी स्वतः तिला पोचवणार आहे. परवा मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "मामा भेटायला हवे होते, बाई."

रेकॉर्डिंगचा तास पुन्हा सुरू झाला. शिकवते म्हणायला मी, पण शिकवतात मला तेच. मी चुकून अर्धी कविता उडवली की ओंकार कपाळावर हात मारून घेतो. "बाई, 'अनडू' करा, 'अनडू'! मामा असते तर ओरडले असते." तू कधी त्यांच्यावर ओरडला नव्हतास, पण मी काही त्याला दुरुस्त केलं नाही.

वर्ष संपताना प्रत्येकाने आपापल्या घराविषयी बोलायचं ठरलं. गेल्या आठवड्यात पालक जमले, पत्र्याखालीच, घुमणाऱ्या वर्गात. सगळ्यांचं ऐकवून झालं. सानिकाचं सगळ्यांत लांब होतं. मांजरीची पिल्लं आता कुठे कुठे गेली, बापूस कोणत्या देशाच्या बंदरात जातो, त्याला घरी आल्यावर काय काय खावंसं वाटतं. कावळ्याचा आवाज तिने काढला होता, कुकरची शिट्टी काढली होती. स्वतःचं काही काढलं नव्हतं. श्वाससुद्धा जागच्या जागी.

लोक आधी चुळबुळले. एका बाईने दुसरीच्या कानात काही म्हटलं. मग हळूहळू सगळे शांत झाले. कुठल्याशा 'ब' वर ती फार वेळ अडकली तेव्हा समोर बसलेला ओंकार ओठ दाबून, मुठी आवळून वाट बघत होता, पण शब्द सांगितला नाही. शब्द आला तेव्हा सगळ्या वर्गाने एकदम श्वास सोडला. टाळ्या पडल्या, पण तेव्हासारख्या नाही. जरा उशिरा आणि जरा हळू. तुला आवडल्या असत्या.

तर हा तिचा निरोप. तिने आता काही कापलं नाही. ऐकलंस ना?

तुझा राग आता नाही माझ्या मनात. तू घाई केलीस, तुझं तू कबूल केलंस, आणि तुझ्या जागी जे बोलायचं होतं ते बोलणारा तिचा बापूस निघाला. तुझ्यापेक्षा चांगलं बोलला, खरं सांगते! पण तू फोल्डर करून ठेवलं नसतंस, तर त्याला ऐकवायला काय उरलं असतं?

जूनमध्ये नवीन पोरं येतील. तांदळाची खोली आपलीच राहील, सरांना मी सांगून ठेवलंय. आणि तुला एक शब्द देते, दादा. गेली इतकी वर्षं मी वर्गात पुढचा धडा, पुढचं पान, पुढचा हात यांच्या मागे धावत आले. आता माझ्या वर्गात कुणी बोलायला उभं राहिलं, तर त्याचं बोलून होईपर्यंत मी वाट बघेन. घंटा झाली तरी.

तुझी,
बाय